चेंडू कुठे पडतो

माझी पहिली विज्ञानकथा 11,000 शब्दांची होती. पहिली बारा पानं नुसता इतिहास: पृथ्वी सोडून निघालेल्या सात पिढ्या, यानाची रचना, त्यातल्या वसाहतीची घटना, दोन बंडं आणि एक तह. तेराव्या पानावर एक मुलगी झोपेतून उठायची. नमनालाच घडाभर तेल जाळून झाल्यावर तिच्यासाठी माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मग ती पुढची वीस-पंचवीस पानं यानात हिंडायची, म्हणजे खरं तर वाचकाला यान दाखवत फिरायची, आणि शेवटी खिडकीतून तारे बघून तिला एकटं वाटायचं. संपलं.

कथा लिहून झाली त्याच रात्री मी ती एका मासिकाकडे पाठवून दिली. त्यांच्या नियमांत शब्दमर्यादा 6,000 होती. ती मी वाचलीच नव्हती, आणि वाचली असती तरी आपल्यासाठी अपवाद करतील असं वाटण्याइतकी मी तेव्हा थोर होते. दोन दिवसांत दोन ओळींचं उत्तर आलं. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच मुलीची कथा छापून आली ती गेल्या वर्षी, 5,200 शब्दांत. मधल्या काळात काय काय झालं ते लिहून ठेवते आहे, कारण मला जो तो विचारतो की तुम्हाला कल्पना सुचतात कशा, आणि मला सगळ्यात कमी त्रास दिला तो कल्पनांनीच.

त्याच्याही आधी मी फँटसी लिहीत होते. लिहीत होते म्हणजे तयारी करत होते. तीन वह्या भरल्या होत्या: नऊ राज्यं, राजांच्या वंशावळी, सणवार, नाणी, आणि मधल्या पानावर रंगवलेला नकाशा. त्या नकाशात एक मोठी नदी डोंगरातून उतरताना दुभंगून दोन वाटांनी जायची, कारण मला दोन्ही राजधान्या नदीकाठी हव्या होत्या. आता, नद्या उतारावरून येताना एकमेकींना मिळतात. फुटतात त्या बहुधा समुद्राजवळ, त्रिभुज प्रदेशात. हे मी शाळेच्या भूगोलात शिकले होते आणि मार्कही मिळवले होते. शिवाय डोंगराच्या ज्या अंगाला ओला वारा आदळतो तिकडे पाऊस पडतो, पलीकडचं अंग कोरडं राहतं. माझं घनदाट जंगल नेमकं कोरड्या अंगाला. एका मैत्रिणीने नकाशा बघून एवढंच विचारलं, ‘‘अगं, ही नदी अशी का वागते?’’

चिडून नकाशा दुरुस्त केला. एका राजधानीची नदी गेली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या राज्याला शेजाऱ्याशी भांडायला कारण मिळालं. तोवर ती दोघं ‘पूर्वापार वैर’ या दोन शब्दांवर लढत होती.

जादूचंही तेच. माझ्या कादंबरीत एक वैदू होती, ती कुठलीही जखम बरी करायची. मग युद्धात माणसं मरतात कशी? तिथे ती नसते म्हणून. नायक संकटात सापडला की मात्र ती असते. ब्रँडन सँडरसन या लेखकाने 2007 साली एका लेखात मांडलेला नियम मला फार उशिरा कळला: जादूने अडचण सोडवायची लेखकाची ताकद, वाचकाला ती जादू कितपत समजली आहे यावर अवलंबून असते. नियम वाचून डोकं हललं, पण माझ्या वैदूचं काय करायचं ते कळेना. मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासणारी बाई. एका मार्चअखेरीला कामात बुडालेली असताना सुचलं की ती जखम बरी करतच नाही, वर्षभर पुढे ढकलते. पुढच्या वर्षी त्याच दिवशी ती जखम परत येते. पुन्हा ढकलायची तर पुन्हा वैदूकडे जायचं. पुढे ढकललेलं देणं मला चांगलं कळतं. त्या राज्यातल्या सेनापतीच्या अंगावर मी एकाच दिवशी परतणाऱ्या अकरा जखमा ठेवल्या आणि त्या दिवसाच्या आदल्या रात्री वैदूला आजारी पाडलं. कादंबरी बासनात गेली ती गेलीच, पण त्या प्रकरणाची एक बरी कथा झाली.

भाषेने घातलेला घोळ आणखी वेगळा. एका कथेत परग्रहावरचा जीव होता, त्याच्यात नर-मादी भेदच नाही. मराठीत क्रियापदापर्यंत पोचलं की गाडं अडतं: आला, आली की आलं? नपुंसकलिंग आपल्याकडे आहे, पण ‘ते आलं, ते बसलं’ म्हटलं की डोळ्यांपुढे तान्हं मूल नाहीतर मांजराचं पिल्लू उभं राहतं. दोन मजले उंच, चारशे वर्षांचा मुत्सद्दी उभा राहत नाही. ‘ते आले’ केलं की एकाचे अनेक झाल्यासारखं वाटतं. पंधरा दिवस वाक्यं फिरवून फिरवून क्रियापद टाळलं, तर सगळी कथा सरकारी परिपत्रकासारखी वाजायला लागली. शेवटी टाळणं सोडलं. सैनिक त्या जिवाला ‘तो’ म्हणतो, म्हातारी ‘ती’ म्हणते, लहान पोर ‘ते’ म्हणतं. कोण त्याच्याकडे कसं बघतं हे आपोआप कळायला लागलं, आणि त्यावर दोघांचं भांडणही लावता आलं.

यानाच्या संगणकाचा प्रश्न तू-तुम्हीचा. कप्तान त्याला ‘तू’ म्हणणार हे उघड, तो कप्तानाला ‘तुम्ही’. संपूर्ण कथाभर असंच चालू ठेवलं आणि एका वाक्यात संगणकाला कप्तानाला ‘तू’ म्हणायला लावलं. आधीच्या खर्ड्यात याच जागी तीन पानांचं यंत्रांचं बंड होतं. ते काढून टाकलं. आणि कालप्रवासाच्या कथेसाठी तर ‘परवा’ हा शब्द कुणी मुद्दाम घडवून दिल्यासारखा आहे. मागचा दिवसही तोच, पुढचाही तोच, उलगडा क्रियापदात. क्रियापद नसलेली चिठ्ठी ठेवली, ‘परवा, त्याच जागी’, की वाचणारा चुकीच्या दिशेला निघालाच. ही कथा अजून कुठे लागलेली नाही, त्यामुळे जास्त सांगत नाही.

शब्द घडवण्याची हौस मात्र लवकर फिटली. पहिल्या कथेत ‘कृत्रिम गुरुत्वनिर्मिती प्रणाली’ अकरा वेळा आली होती, म्हणजे आतल्या माणसांना वजन जाणवावं म्हणून यानाचा जो भाग गोल फिरत राहतो तो. यानातच जन्मलेली माणसं असं कशाला म्हणतील? ती ‘चाक’ म्हणतील. आपल्यापैकी कोण लिफ्टला उद्वाहक म्हणतं?

हे सगळं मला एकटीला कळलेलं नाही. पाच जणांचा एक गट जमला, महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटणारा. पद्धत मिलफर्डची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी 1956 साली डेमन नाइट आणि त्यांच्या लेखकमित्रांनी विज्ञानकथा लेखकांची एक परिषद सुरू केली. कथा आधी सगळ्यांनी वाचायची, मग आळीपाळीने त्यावर बोलायचं, आणि जिची कथा तिने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. 1968 मध्ये सुरू झालेल्या क्लॅरियन या विज्ञानकथा लेखनाच्या कार्यशाळेनेही हीच रीत उचलली. रीत सोपी, पाळायला महाकठीण. मी माइक बंद ठेवून स्वतःशीच उत्तरं द्यायचे. ‘अहो, ते सातव्या पानावर लिहिलंय!’ सातव्या पानावर होतंही. पण चौघांपैकी तिघांना ते दिसलं नाही म्हटल्यावर त्याचा उपयोग काय?

गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. माझं एक पात्र दुसऱ्याला सांगत होतं, ‘तुला ठाऊकच आहे, आपलं यान निघून दोनशे वर्षं झाली.’ बाई म्हणाल्या, ‘‘ठाऊकच आहे, तर सांगतोय कशाला?’’ पुढे काही बोलल्या नाहीत. या एका प्रश्नाने माझी किती पानं कापली गेली त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही, आणि हिशेब ठेवणं माझा धंदा आहे.

पण मुलीच्या कथेला खरं वळण लावलं ते गटातल्या सगळ्यात लहान मुलाने. तो यंत्रांचं शिक्षण घेतलेला. त्याने विचारलं, ‘‘ताई, तुमचं हे चाक मिनिटाला किती फेऱ्या घेतं?’’ मी ऐटीत लिहिलं होतं, दोन. त्रिज्या 20 मीटर. आकडे का असेच? चांगले वाटले म्हणून. त्याने तिथल्या तिथे गणित केलं. फिरत्या चाकाच्या आतल्या कडेवर उभं राहिलं की जे वजन जाणवतं ते त्रिज्येवर आणि फिरण्याच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. माझ्या चाकात ते पृथ्वीवरच्या अकराव्या हिश्शाच्या आसपास, चंद्रावरच्या निम्म्याहून जरासंच जास्त. ‘‘तुमची नायिका पलंगावरून उठली ना ताई, की डोकं थेट छताला.’’

मी त्याला विचारलं, मग करू काय? मिनिटाला दोनच फेऱ्या ठेवायच्या आणि पृथ्वीइतकं वजन हवं, तर त्रिज्या सुमारे 224 मीटर हवी. 20 मीटरच ठेवायची, तर मिनिटाला जवळजवळ 6.7 फेऱ्या. मोठं चाक घेणं सोपं होतं, एक आकडा खोडून दुसरा लिहायचा. तसं करणारही होते. पण माझं यान गरिबांचं होतं, जुनं, कुणीतरी मोडीत काढलेलं. त्याला अर्धा किलोमीटर व्यासाचं चाक कुठून येणार? मग छोटं चाक जोरात फिरवलं आणि त्यात माणसांचं काय होईल ते बघत बसले.

ते तीन आठवडे मी जन्मात विसरणार नाही. 1.7 मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्यापाशी पावलांपेक्षा साडेआठ टक्के कमी ओढ. मान झटकन वळवली की भोवळ, कारण मिनिटाला दोनेक फेऱ्यांपर्यंत माणसाला फारसा त्रास होत नाही असं मानतात आणि हे त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणजे या यानातली माणसं हळू मान वळवतात. हाकेला ओ देताना आधी तोंडाने देतात, मग बघतात. आणि दीड मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू सरळ खाली पडत नाही. हातातून सुटल्यावर तो सरळ रेषेत जातो, पण खालची जमीन त्याच्यापेक्षा वेगाने पुढे सरकलेली असते, म्हणून तो फिरण्याच्या उलट बाजूला पडतो. किती? मी कागदावर वर्तुळ काढून, शाळेतलं त्रिकोणमितीचं पुस्तक शोधून काढून उत्तर आणलं: सुमारे 40 सेंटिमीटर. उत्तर आलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

या यानात जन्मलेल्या मुलीच्या लेखी चेंडू असाच पडतो. तिचा हात न बघता 40 सेंटिमीटर बाजूला जातो. एक दिवस तिला एका ग्रहावर उतरवतात, कुणीतरी तिच्यासमोर चेंडू सोडतं, आणि ती हात चुकीच्या जागी धरते.

कथा इथून सुरू केली. सात पिढ्यांचा इतिहास त्या हातात मावला. मावला नाही तो ‘अडगळ’ नावाच्या फाइलमध्ये टाकला. तह गेला, दोन्ही बंडं गेली. घटनेतलं एक कलम ठेवलं होतं, तेही चौथ्या खर्ड्यात गेलं.

मग पाठवणं. कथेच्या लांबीला ठरलेली मापं असतात हेही मला तेव्हाच कळलं. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-फँटसी लेखकांच्या संघटनेचे नेब्युला पुरस्कार 7,500 शब्दांच्या आत लघुकथा धरतात, 17,500 च्या आत दीर्घकथा, 40,000 च्या आत लघुकादंबरी, त्यापुढे कादंबरी. माझ्या मूळ 11,000 शब्दांना त्या तक्त्यात घर होतं, पण नवख्या लेखकाला एवढी जागा देणारे संपादक क्वचित. 5,200 ला मात्र दहा-बारा दारं उघडी होती. मी तक्ता केला: कथा, कुठे पाठवली, कधी, त्यांची मर्यादा, एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवलेली चालते का (बहुतेकांना चालत नाही), उत्तर कधी, काय म्हणाले. सोबतचं पत्र तीन ओळींचं. सुरुवातीला मी त्यात कथेचा आशय समजावून सांगायचे. आशय पत्रात सांगावा लागत असेल तर कथा परत घ्यावी.

अमेरिकी विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइन यांनी 1947 साली लेखकांसाठी पाच नियम लिहून ठेवले: लिहा, लिहिलेलं पुरं करा, संपादकाने सांगितल्याशिवाय पुन्हा लिहू नका, बाजारात पाठवा, आणि विकलं जाईपर्यंत बाजारात ठेवा. पहिले दोन आणि शेवटचे दोन मी भिंतीवर लावले. तिसरा पाळला असता तर मुलगी अजून यानात फिरत बसली असती.

नऊ नकार आले. पहिले पाच छापील मजकुराचे, सहावा निराळा: ‘मुलगी आवडली. शेवट आधीच कळला.’ या पाच शब्दांनी मला आठवडाभर हवेत ठेवलं, मग शेवट बदलायला बसवलं. एक नकार यायला सात महिने लागले. तो काळच विचित्र होता. फेब्रुवारी 2023 मध्ये क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाकडे यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा एवढा लोंढा आला की त्यांना काही काळ कथा स्वीकारणंच थांबवावं लागलं. पुढे मी जिथे जिथे कथा पाठवली, तिथे अर्जात एक चौकोन वाढलेला दिसायचा: ही कथा मी स्वतः लिहिली आहे. दर वेळी खूण करताना मला त्या रात्री एकच्या टाळ्या आठवायच्या.

एका स्पर्धेलाही पाठवली. तिथे हस्तलिखितावर नाव घालायचं नव्हतं. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून. शिवाय अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. मी नाव लपवून पाठवली तेव्हा लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि बक्षीसही मिळालं नाही.

होकार मात्र एकदम दोन आले, आणि पहिला ऐकून मी आनंदाने घर डोक्यावर घेतलं. एका संग्रहात कथा घेणार होते. करार आला, त्यात लेखकाने ‘निर्मितीखर्चात सहभाग’ द्यायचा होता, वर सगळ्या भाषांतले, सगळ्या माध्यमांतले हक्क कायमचे त्यांचे. लेखनाच्या धंद्यात पैसा लेखकाकडे यायचा असतो, त्याच्याकडून जायचा नसतो, एवढं मला तोवर कळलं होतं. तरी नाही म्हणायला दोन दिवस लागले, हे कबूल करते. दुसरा करार एका पानाचा होता: पहिल्यांदा छापण्याचा हक्क त्यांचा, सहा महिने दुसरीकडे द्यायची नाही, वर्षभरात छापली नाही तर हक्क आपोआप माझ्याकडे परत. मानधन लहान, पण रक्कम आणि तारीख दोन्ही लिहिलेलं.

संपादक बाईंनी 31 ठिकाणी खुणा केल्या. तीस मान्य केल्या. एकीवर भांडले: ‘चाक’ म्हणजे काय ते पहिल्या पानावर समजावून सांगा, असं त्यांचं म्हणणं. मुलगी ते समजावून सांगणार नाही, तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही, असं माझं. त्यांनी ऐकलं. बदल्यात म्हणावं तसा त्यांनी शेवटचा परिच्छेद कापायला मागितला. त्यात मुलगी माती हातात घेऊन घर म्हणजे काय याचा विचार करते. मला तो परिच्छेद पाठ होता. दिला. आता कथा हात रिकामा राहतो तिथेच संपते.

अंक निघाल्यावर अकरा दिवसांनी एका वाचकाचं पत्र आलं. कौतुकाची एक ओळ, मग मुद्दा: पान 3 वर, यानातल्या आठवणीत, मुलगी चाक फिरतं त्या दिशेला तोंड करून उभी आहे, आणि समोर धरलेला चेंडू सोडल्यावर तो तिच्यापासून लांब जातो असं लिहिलंय, तो तिच्याकडे यायला हवा. पोटात गोळा आला. कागद घेतला, पुन्हा वर्तुळ काढलं, बाण काढला, आत एक काडीची मुलगी काढून तिला नाक दिलं, म्हणजे तोंड कुठे ते कळावं. पत्रातलं बरोबर होतं. 40 सेंटिमीटर अचूक, दिशा उलटी. चार खर्डे, पाच जणांचा गट, 31 खुणा, कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी उत्तर लिहिलं: तुमचं म्हणणं खरं आहे, कथा पुन्हा कुठे छापायची वेळ आली तर मुलीला दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी करीन, एका शब्दाचं काम आहे. त्याच संध्याकाळी पुढचं पत्र आलं. एका शब्दाचं नाही, त्यांनी लिहिलं होतं. ती वळली की पान 5 वरची खिडकी तिच्या पाठीमागे जाते, आणि मग त्या खिडकीतून तिला तो ग्रह पहिल्यांदा दिसणार कसा?